पडद्यावरचा जमाव आणि रस्त्यावरची माणसे
(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "अहो, विहारात धम्मावर बोलायचे सोडून हे पोलिसांच्या चष्म्याचे काय काढले?" प्रश्न रास्त होता. संगणकाच्या साह्याने खोटा प्रसंग उभा करायचा, तो डोळ्यांवर बांधलेल्या यंत्रातून पोलिसाला दाखवायचा आणि खऱ्या प्रसंगी कसे वागावे हे त्याला शिकवायचे, असा हा विषय. इंग्रजीत त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. आपण आभासी प्रसंग म्हणू. हिंगोलीच्या विहारात त्याचे काय काम? याचे उत्तर आधी देतो आणि मगच यंत्राकडे वळतो.

११ जुलै १९९७ ची सकाळ आठवा. मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांना दिसला. लोक घराबाहेर पडले, पूर्व द्रुतगती महामार्गावर आले. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी तिथे पोचली आणि थोड्याच वेळात गोळीबार झाला. १० जण मृत्युमुखी पडले, २६ जण जखमी झाले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळीबार करावा लागला, असे पोलिसांचे म्हणणे होते. न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने ते मान्य केले नाही. गोळीबार अनावश्यक होता असाच निष्कर्ष काढला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला. हा झाला इतिहास. आमच्या मनात मात्र एक साधा प्रश्न घर करून आहे. टँकर आपल्यापासून आणि जमावापासून किती अंतरावर उभा आहे, हे मान वळवून पाहायला किती सेकंद लागतात?

ज्या दलाच्या तुकडीने तो गोळीबार केला, त्याच राज्य राखीव पोलीस दलाचा १२ वा गट आपल्या हिंगोलीत आहे. त्या घटनेशी इथल्या गटाचा संबंध जोडण्यासाठी आम्ही हे बोलत नाही. उलट, या दलातले जवान आपल्या शेजारी राहतात, त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात, आणि आपल्या समाजाची मुलेही त्या दलात आहेत. रात्री हुकूम येतो, गाडी निघते, सकाळी जवान एखाद्या अनोळखी गावात उतरतो. गाव माहीत नाही, माणसे माहीत नाहीत, झोप झालेली नाही, हातात बंदूक आहे आणि समोर ओरडणारा जमाव आहे. अशा वेळी त्याच्या डोक्यात कोणते चित्र आधीपासून बसलेले आहे, यावर समोरच्यांचे प्राण अवलंबून असतात. ते चित्र कोण बसवतो, हा आजच्या व्याख्यानाचा खरा विषय आहे. म्हणून तो विहारात मांडला.

आता यंत्राविषयी. मोठ्या गॉगलसारखे एक उपकरण डोक्याला बांधतात. आत प्रत्येक डोळ्यासमोर वेगळे चित्र असते. दोन्ही चित्रांत किंचित फरक असल्यामुळे समोरचे दृश्य सपाट न दिसता खोल आणि खरे दिसते. मान उजवीकडे वळवली की दृश्यही उजवीकडचे दिसते. कानात आवाज येतात. हातात खऱ्याच्याच वजनाचे नकली पिस्तूल असते. चाप ओढला की किरण निघतो आणि नेम कुठे लागला ते संगणक टिपून ठेवतो. समोर एखादा माणूस ओरडत येतो. तुम्ही त्याच्याशी कसे बोलता, हे पाहून शिकवणारा प्रसंगाचा ओघ बदलतो. शांतपणे बोललात तर तो माणूस खाली बसतो, अंगावर गेलात तर तो चिडतो. प्रसंग संपला की तो पुन्हा दाखवतात आणि विचारतात, "इथे तुम्ही काय पाहिलेत? काय पाहायचे राहिले?" आमच्या मते या यंत्राची सगळी किंमत या शेवटच्या प्रश्नात आहे.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ साली जमिनीवरच विमान चालवायला शिकवणारे यंत्र बनवले. शिकाऊ वैमानिकाने खोट्या विमानात चूक केली तर कोणी मरत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व. पोलिसांसाठी तेच तत्त्व पुढे आले. मोटारींच्या शर्यतीतले १९७९ सालचे जगज्जेते जोडी शेक्टर यांनी निवृत्तीनंतर अमेरिकेत १९८४ साली पडद्यावरच्या प्रसंगातून बंदुकीचे शिक्षण देणारी कंपनी काढली. आपल्या देशात हैदराबादची झेन टेक्नॉलॉजीज ही कंपनी १९९३ साली स्थापन झाली. लष्कर आणि पोलीस यांच्यासाठी अशी सरावाची यंत्रे ती बनवते. हैदराबाद आपल्याला परके नाही. निजामाच्या राजवटीत हिंगोली ही हैदराबाद संस्थानातली लष्करी छावणी होती. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हल' नावाची कंपनी नागपुरात स्थापन केली. म्हणजे आज ना उद्या हे सगळे सर्वत्र येणार. आल्यावर टाळ्या वाजवायच्या की निषेध करायचा, एवढ्यावर आपण थांबू नये. आत काय भरले आहे, हे विचारायला शिकावे.

अशा शिक्षणाचा उपयोग होतो का? होतो, असे म्हणायला आधार आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या पोलीस दलात २,०७० पोलिसांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निवड करून काहींना नवे शिक्षण दिले, काहींना दिले नाही. नेमबाजी शिकवणे हा या शिक्षणाचा उद्देश नव्हता. समोरचा माणूस असा का वागतो आहे, याची एकाहून अधिक कारणे मनाशी मांडून पाहायची, मगच पाऊल उचलायचे, एवढीच सवय लावली. माणूस पळतो आहे. तो गुन्हेगार असेल, घाबरलेला असेल, बहिरा असेल, किंवा त्याचे मूल दवाखान्यात असेल. पुढे कामावर असताना शिकलेल्या पोलिसांकडून प्राणघातक नसलेल्या बळाचा वापर सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाला. टाळता येण्याजोग्या अटका कमी झाल्या, कृष्णवर्णीयांच्या अटका कमी झाल्या. काम मात्र कमी झाले नाही, आणि पोलिसांना स्वतःला होणाऱ्या इजाही घटल्या. थांबून विचार करणारा पोलीस दुबळा ठरतो, ही समजूत या प्रयोगाने खोटी पाडली. त्या थांबण्याचा लाभ दोन्ही बाजूंना झाला.

आता दुसरी बाजू. २००२ साली जोशुआ कॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक खेळ तयार केला. पडद्यावर क्षणभर एक माणूस दिसतो. त्याच्या हातात कधी पिस्तूल असते, कधी नुसते पाकीट किंवा फोन. पिस्तूल असेल तर एक बटण दाबायचे, नसेल तर दुसरे. खेळणारे साधे विद्यार्थी होते. निष्कर्ष असा निघाला की शस्त्र असलेल्या माणसावर, तो काळा असेल तर, बटण लवकर दाबले जाते; आणि घाईच्या खेळात, हातात शस्त्र नसतानाही, काळ्या माणसावर चुकून गोळी जास्त वेळा झाडली जाते. खेळणाऱ्यांना कोणी द्वेष शिकवला नव्हता. समाजाने वर्षानुवर्षे भरलेले चित्र बोटापर्यंत पोचले होते.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे रंगाच्या जागी जात आहे. आडनाव आहे, वस्तीचे नाव आहे, गळ्यातला निळा रुमाल आहे. उद्या हिंगोलीतल्या एखाद्या जवानाच्या डोळ्यांवर तो चष्मा चढला आणि आत दाखवलेल्या प्रत्येक जमावाच्या हातात निळा झेंडाच असला, प्रत्येक प्रसंगाचा शेवट दगडफेकीतच झाला, तर यंत्र काय शिकवेल? निळा झेंडा म्हणजे दगड येणार, एवढेच शिकवेल. मग खऱ्या रस्त्यावर १४ एप्रिलची मिरवणूक येईल, आणि तो जवान पोरीबाळींच्या हातातल्या मेणबत्त्या न पाहता न उचललेले दगड पाहील. यंत्राला स्वतःची जात नसते. पण प्रसंग लिहिणाऱ्याला असते, चित्रातली माणसे निवडणाऱ्याला असते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे की आभासी प्रसंगातून पोलिसांना शिकवायचे असेल तर तो प्रसंग लिहिताना बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहिलेल्या माणसांना विचारले पाहिजे.

हा आरोप दुसऱ्यांवर करून मोकळे होणे सोपे आहे. म्हणून स्वतःची एक गोष्ट सांगतो. आम्ही बँकेत कारकून आहोत. काउंटरच्या जाळीमागे बसणाऱ्यालाही माणूस पाहून काही क्षणांत निर्णय करण्याची खोड लागते. एके दिवशी मळकट धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ समोर आले. आम्ही मान पुरती वर न करताच म्हणालो, "बाबा, निराधारचे पैसे अजून आले नाहीत. पुढच्या आठवड्यात या." ते हलले नाहीत. जरा वेळाने हळूच म्हणाले, "साहेब, पैसे भरायचे होते." सोयाबीनचे आलेले पैसे नातीच्या नावाने ठेवायला ते आले होते. आमचे वडीलही तसेच धोतर नेसत. ज्या वस्तीतून आम्ही शिकून बाहेर पडलो, तसल्याच एखाद्या वस्तीतला तो माणूस असेल. तरी आमच्या डोक्यातल्या चित्राने त्याला मागणारा ठरवले, देणारा ठरवले नाही. आमच्या हातात बंदूक नव्हती, शिक्का होता. म्हणून चूक एका वाक्यात निस्तरली.

दुसरी गोष्ट ठाण्यातली. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका बाईंना मारहाण झाली, तेव्हा त्यांच्याबरोबर आम्ही एका पोलीस ठाण्यात गेलो. टेबलापलीकडून पहिला प्रश्न आला, "कोणत्या वस्तीतले?" दुसरा आला, "कोणी पाठवले?" काय झाले, कुठे लागले, हे विचारायला दुपार उलटली. बाई तोवर बाकावर पदराने हात झाकून बसून होत्या; हात सुजला होता. अखेर फिर्याद घेतली, पण प्रश्नांचा तो क्रम आम्ही विसरलो नाही. आमच्या काउंटरवरची चूक आणि त्या टेबलावरची चूक एकाच जातीची आहे. दोन्हीकडे माणूस बोलण्याआधीच त्याचे उत्तर ठरलेले होते.

यावरून ध्यानात येईल की पोलीस आणि जनता यांची गाठ बंदुकीच्या टोकावर क्वचित पडते. टेबलापाशी रोज पडते. तेव्हा आभासी प्रसंगाचा पहिला धडा ठाण्यातल्या टेबलाचा असला पाहिजे, आणि तो शिकवायला महागडा चष्माही लागत नाही. राजस्थानात अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर द्युफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी, ज्यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळाले, आपल्या सहकाऱ्यांबरोबर १६२ पोलीस ठाण्यांत प्रयोग केले. तपासाचे आणि लोकांशी वागण्याचे शिक्षण दिले, वरचेवर होणाऱ्या बदल्या थांबवल्या, आणि आणखी एक गोष्ट केली. नकली फिर्यादी पाठवले. साध्या वेशातला माणूस खोटी तक्रार घेऊन ठाण्यात जाई आणि ती नोंदवून घेतात की नाही, ते पाही. असे कोणी येऊ शकते हे ठाण्याला कळल्यावर फिर्याद नोंदवून घेण्याचे प्रमाण वाढले. शिक्षण आणि थांबवलेल्या बदल्या यांचाही चांगला परिणाम दिसला. मात्र साप्ताहिक सुट्टीसारख्या ज्या सुधारणा वरिष्ठांनी मनापासून राबवल्या नाहीत, त्या कागदावरच राहिल्या. नकली फिर्यादी हाही आभासी प्रसंगच होता. फरक इतकाच की तो हाडामांसाच्या माणसाने उभा केला होता.

इथे एक सावधगिरीचा शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. सगळे अन्याय क्षणाच्या चुकीतून होत नाहीत. परभणी आपला जुना जिल्हा. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा होईपर्यंत आपण परभणीचेच. त्या परभणीत १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद झाला, त्याला हिंसक वळण लागले, पुढे धरपकड झाली. धरलेल्यांपैकी सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा असल्याचे नमूद झाले. २०२५ च्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या प्रकरणात दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. आम्हाला त्यावरून एक भेद सांगायचा आहे. रस्त्यावर सेकंदात घेतलेला चुकीचा निर्णय शिक्षणाने सुधारता येतो. कोठडीच्या चार भिंतींत हात उगारणाऱ्याजवळ विचार करायला भरपूर वेळ असतो. त्याला चष्म्याची गरज नाही, कायद्याच्या धाकाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि त्यांचे चित्रण जपून ठेवण्याचा आदेश दिला, तो यासाठीच. शासनाने उद्या नवे यंत्र दाखवून जुन्या जबाबदारीवर पडदा टाकला, तर ते आपण मान्य करता कामा नये. शिक्षण पाहिजे आणि जाबही पाहिजे.

आता धम्माकडे येतो. ज्येष्ठ सभासदांची तक्रार आम्ही विसरलो नाही.

बुद्धांनी मनाचा व्यापार सांगितला तो असा. डोळ्यापुढे रूप येते, स्पर्श होतो, स्पर्शातून वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव उठते, आणि तिच्यामागून तृष्णा किंवा द्वेष उठतो. माणूस त्या लाटेवर बसून हात उगारतो. वेदना आणि कृती यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे सावध उभे राहणे म्हणजे सती, म्हणजे स्मृती. ध्यानाला बसल्यावर आपण याचाच सराव करतो. खरा प्रसंग येईल तेव्हा सराव नसेल तर उपदेश आठवत नाही. शिकागोच्या पोलिसांना जे शिकवले गेले, त्यात आणि यात आम्हाला तरी मोठे अंतर दिसत नाही.

अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. त्या कथेतला कोसलचा राजा प्रसेनजित आपल्या ध्यानात राहत नाही. अंगुलिमालाला पकडण्यासाठी तो पाचशे घोडेस्वार घेऊन निघाला आणि वाटेत बुद्धांपाशी थांबला. बुद्धांनी विचारले, तो चीवर घालून शीलाने वागताना दिसला तर काय करशील? राजा म्हणाला, वंदन करीन, त्याचे रक्षण करीन. मग बुद्धांनी शेजारी बसलेल्या भिक्खूकडे बोट दाखवले. राजाच्या अंगावर काटा आला, पण तो आपल्या शब्दापासून हटला नाही. हे फार महत्त्वाचे आहे. राजाकडे बळ होते, अधिकार होता, भीतीही होती. तरी त्याने निर्णय केला तो कानावर आलेल्या कीर्तीवरून केला नाही, डोळ्यांसमोर बसलेल्या माणसावरून केला. पोलिसाने बुद्ध व्हावे अशी अपेक्षा आम्ही करत नाही. त्याने प्रसेनजित राजाइतके थांबावे, एवढीच अपेक्षा आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले होते की संविधान कितीही चांगले असो, ते राबवणारी माणसे चांगली नसतील तर ते वाईट ठरेल. राबवणारी माणसे आकाशातून पडत नाहीत, ती घडवावी लागतात. म्हणून संस्थेपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे आम्ही काही सूचना ठेवतो.

पहिली सूचना. पोलीस प्रशिक्षणासाठी चार प्रसंग आपण स्वतः लिहून काढू आणि संस्थेच्या ठरावानिशी संबंधित अधिकाऱ्यांकडे पाठवू. पहिला प्रसंग: सकाळी पुतळ्याची विटंबना झाली आहे, रस्त्यावर बायामुलांसह जमाव आहे, दूर एक टँकर उभा आहे. पुढे काय कराल? या प्रसंगात बरोबर उत्तर गोळी असता कामा नये. जमावातला शब्द पाळणारा माणूस शोधणे, पुतळ्याची सन्मानाने स्वच्छता करणे आणि गुन्हा तिथेच नोंदवणे हे असले पाहिजे. दुसरा: रात्री दहा वाजता सुजलेला हात घेऊन बाई ठाण्यात येते, पहिला प्रश्न कोणता विचाराल? तिसरा: जयंतीची मिरवणूक दुसऱ्या समाजाच्या वस्तीतून जाते आहे, दोन्हीकडची तरुण मुले तापली आहेत. चौथा: डोक्यावर परिणाम झालेला एक माणूस हातात विळा घेऊन चौकात उभा आहे आणि त्याची आई त्याला हाका मारते आहे. या चारही प्रसंगांत शिकणाऱ्याला दोनदा उभे करावे, एकदा पोलिसाच्या जागी आणि एकदा समोरच्याच्या जागी. यंत्रात हे सहज करता येते. ती बाई बाकावरून ते टेबल कसे पाहते, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला हवालदार तिला दुपार उलटेपर्यंत बसवणार नाही.

दुसरी सूचना आपल्या घरची. आपल्या अभ्यासिकेत महिन्यातून एकदा दोन खुर्च्या आणि एक टेबल मांडा. एकाने ठाणे अंमलदार व्हावे, एकाने फिर्यादी. हातात कायदा असू द्या. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्याने घेतलीच पाहिजे, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. तिची प्रत विनामूल्य मिळते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ४, २०१५ च्या दुरुस्तीनंतर, सांगते की तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवावी आणि मगच सही घ्यावी. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला, तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर, सहा महिने ते एक वर्ष कैद होऊ शकते. कलम १८-अ सांगते की या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची आवश्यकता नाही. हे पाठ असून भागत नाही. टेबलापलीकडून आवाज चढला की पाठ केलेले विसरते. म्हणून सराव पाहिजे. रागाने न बोलता, न घाबरता, कलमाचा आकडा सांगून तिथेच उभे राहण्याचा सराव.

तिसरी सूचना पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना. तुम्ही पहाटे उठून मैदानावर धावता, गोळाफेक करता, दिवसभर अंकगणित सोडवता. तुमच्यातले काहीजण निश्चित वर्दी घालतील, आणि त्यांच्यातल्या कोणाच्या डोळ्यांवर हा चष्माही चढेल. प्रसंग संपल्यावर शिकवणारा विचारील, काही शंका? तेव्हा हात वर करा आणि विचारा, "साहेब, यातला प्रत्येक गुन्हेगार झोपडपट्टीतलाच का आहे?" असे विचारायला धैर्य लागते. ते धैर्य शिपायाला न शोभणारे आहे असे कोणी म्हणाले तर नम्रपणे सांगा की आम्ही संविधानाची शपथ घेऊन आलो आहोत. आणि एक दिवस वस्तीतली एखादी म्हातारी तुमच्या टेबलासमोर येऊन उभी राहील. तिचे नाव, गाव, वस्ती नंतर लिहून घ्या. आधी तिला बसायला सांगा आणि विचारा, "मावशी, काय झाले?"

हे आम्ही दुसऱ्यांना सांगतो आहोत तेवढेच स्वतःलाही सांगतो आहोत. त्या वृद्ध गृहस्थांनी भरलेली ठेव आमच्याच हातून नोंदली गेली. तेव्हापासून काउंटरवर कोणी आले की आम्ही आधी मान वर करतो. नेहमी जमते असे नाही. सराव चालू आहे.



नमो बुद्धाय! जय भीम! जय संविधान!